आधी पोछा धुवा, मग फरशी

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दर्यापूरकडच्या खेड्यात घर आहे. समोरच्या दोन खोल्यांना टाइल्स, मागचं स्वयंपाकघर आणि ओसरी अजून मातीची, परसात गुरांचा कोठा. सकाळी सातला वावरात निघावं लागतं, नळ दिवसाआड येतो. रोज दोनदा झाडता, फिनाइलची मोठी कॅन महिनाभरही पुरत नाही, तरी फरशी पायाला चिकट लागते, खोलीत कुबट वास राहतो आणि संध्याकाळपर्यंत धूळ पुन्हा जशीच्या तशी. कोणतं औषध वापरावं, आणि मालक म्हणतात तो व्हॅक्यूम क्लीनर घ्यावा का?

औषध लागत नाही. यंत्राचं शेवटी सांगते. तुम्ही इतकं सविस्तर लिहिलं, पण फडा कुठे ठेवता, पोछा कसा धुता, याबद्दल एक शब्दही नाही. माझ्या मते गडबड तिथेच आहे. मी वसतिगृहाच्या साफसफाईची जबाबदारी सांभाळली, आता बचत गटांच्या बायांना हेच काम शिकवते. ‘कितीही पुसलं तरी वास येते’ अशी तक्रार असलेल्या घरी गेले की मी फरशी बघत नाही. न्हाणीतल्या बकेटीत पडलेला पोछा उचलते आणि नाकाजवळ नेते. बहुतेक घरांत शोध तिथेच संपतो.

ओला पोछा गोळा होऊन बकेटीत पडला की रात्रभरात त्यात जंतू वाढतात. सकाळी तोच घरभर फिरतो. वरून टाकलेलं फिनाइल त्याला पुरं पडत नाही, कारण कापडात मळ, धूळ, जुना साबण भरलेला असला की जंतुनाशकाचा जोर त्या मळावरच खर्च होतो. मग वास दाबायला आपण आणखी एक झाकण फिनाइल टाकतो. तुमची कॅन इतक्या लवकर संपते ती अशी. फिनाइलचा वास आला म्हणजे घर स्वच्छ झालं, हा समज जाहिरातींनी करून दिला आहे. स्वच्छ फरशीला खरं तर कसलाच वास येत नाही.

चिकटपणाचं कारण मात्र वेगळं आहे, ते तुमच्या पाण्यात आहे. दर्यापूर म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. इकडच्या विहिरी-बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. अशा जड पाण्यात साबण टाकला की फेस होत नाही, साबण क्षारांशी मिळून त्याची पांढुरकी साय होते. ती फरशीवर वाळते, तिच्यावर धूळ बसते, दुसऱ्या दिवशी तिच्यावर पुन्हा साबणाचं पाणी. थरावर थर. तुमची फरशी मळकी कमी आणि साबणाने लिंपलेली जास्त आहे.

म्हणून सुरुवातीला एकदाच हे करा. नळ येईल त्या दिवशी बकेटभर कोमट पाण्यात मोठा चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवा. खाण्याचा नव्हे, किराण्यात मिळतो तो कपड्यांचा. दहा मिनिटं राहू द्या, क्षारांचा पांढरा गाळ तळाला बसतो. वरच्या निवळ पाण्याने फरशी नायलॉनच्या ब्रशने घासा, आणि नंतर दोनदा नुसत्या पाण्याने पुसून काढा. सोड्याने हात कोरडे पडतात, जखम असेल तर चुरचुरतं, तेव्हा हातमोजे घाला. त्यानंतर एरवी पुसायला नुसतं पाणी पुरतं. फिनाइल आठवड्यातून एकदा, बाटलीवर लिहिलंय तेवढंच, तेही न्हाणी आणि ओसरीच्या कडेला. कपडे धुतानाही हीच युक्ती चालते, आधी सोडा, गाळ बसला की साबण, आणि साबण कमी लागतो. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या भांड्यांना मात्र सोडा लावू नका, ती काळी पडतात.

आता पोछ्याचं कापड. जुनं सुती लुगडं, धोतर, बनियन, सुती चादर यांचाच पोछा करा. आजकालच्या साड्या पॉलिस्टरच्या, त्या पाणी पीत नाहीत, नुसतं इकडचं तिकडे ढकलतात. हाताने पिळता येईल एवढाच तुकडा घ्या. फार मोठा असला की बाई तो नीट पिळत नाही आणि फरशी ओलीच राहते. घरात निदान तीन पोछे वेगळे ठेवा, एक स्वयंपाकघराचा, एक खोल्यांचा, एक न्हाणी-संडासाचा. ओळखायला रंगाच्या भानगडीत पडू नका, न्हाणीच्या पोछ्याच्या कोपऱ्याला एक गाठ मारून ठेवा. अंधारात, घाईत, लहान पोरीने उचलला तरी हाताला कळतं.

पुसताना दोन बकेटी. एकीत चांगलं पाणी, दुसरी फक्त पिळायला. पोछा आधी रिकाम्या बकेटीत पिळायचा, मग चांगल्या पाण्यात बुडवायचा. याने पाणी जास्त लागेल असं वाटतं, पण उलट आहे. एकाच बकेटीत बुडवलं-पिळलं की दुसऱ्याच खोलीत पाणी चिखलासारखं होतं आणि फेकावं लागतं. दोन बकेटींत तेच पाणी दोन्ही खोल्या आणि देवघर निभावतं. बकेटीचा तळ दिसेनासा झाला की पाणी बदला, मग अर्धी खोली राहिली असली तरी. क्रम देवघरापासून बाहेरच्या दाराकडे, आणि आपण मागे सरकत यायचं.

पुसून झालं की पोछा साबण लावून धुवायचा, स्वच्छ पाण्यात खळबळायचा, घट्ट पिळून उन्हात तारेवर पूर्ण पसरून टाकायचा. पुसलं की दर वेळी एवढं करायचं. चौपदरी घडी करून कोपऱ्यात लटकवला तर आतून ओलाच राहतो. आपल्याकडचं ऊन मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर जातं आणि त्याला पैसे पडत नाहीत. दिवाळीनंतरचं साधं ऊनही दोन तासांत पोछा कडकडीत वाळवतं. पावसाळ्यात ऊन नसलं तर चुलीच्या मागच्या बाजूला तार बांधा, ऊब लागते. आठवड्यातून एकदा जुन्या गंजात, म्हणजे पातेल्यात, सोडा टाकून पोछे उकळा. स्वयंपाकघराचं ओटा-फडकं मात्र वेगळ्या भांड्यात, तेही उकळूनच. उकळूनही वास राहिला तर ते कापड संपलं, फेका. दांडीवाला पोछा असेल तर त्याचं डोकं काढून वाळवा, आणि बकेटीच्या जाळीखाली साचलेला गाळ बघा. तिथे कोणी बघत नाही.

झाडूंकडे येऊ. घरोघरी फुलझाडूच सगळीकडे मारतात, अंगणात, कोठ्यात, ओल्या न्हाणीतही. मग तीन महिन्यांत तो बोडका होतो आणि कंपनीला शिव्या बसतात. फुलझाडू गवताच्या तुऱ्यांचा, तो गुळगुळीत कोरड्या फरशीचा. पाणी लागलं की तुरे चिकटतात, कुजतात, मोडतात. नवीन आणला की त्यातून पांढरा भुसा आठ-पंधरा दिवस पडत राहतो. घरात वापरण्याआधी तो बाहेर नेऊन भिंतीवर हलकेच आपटा, जुन्या कंगव्याने विंचरा, दोन दिवस अंगणातच फिरवा. बाया म्हणतात, मिठाच्या पाण्यात टोक बुडवून सावलीत वाळवलं की भुसा कमी पडतो. करून बघायला हरकत नाही, पण कडक वाळल्याशिवाय वापरू नका.

मातीच्या ओसरीला आणि खडबडीत जागेला शिंदीचा फडा. कोरडा नवा फडा ताठ असतो, टोकं मोडतात, म्हणून पहिल्यांदा टोकाशी पाणी शिंपडून तासभर ठेवा, मऊ येतो. सारवलेल्या जमिनीवर फुलझाडू मारला तर माती नुसती उडते, आणि फडा फार दाबला तर सारवण उकलतं. हात हलका, फडा तिरपा, टोक जमिनीला घासत न्यायचं, प्रत्येक फटकाऱ्याला उचलून झटकायचं नाही. धूळ जी उडते ती त्या झटक्याने. तुम्ही म्हणता संध्याकाळपर्यंत धूळ परत येते, त्यातली निम्मी तुम्हीच सकाळी उडवलेली असते, तीच हळूहळू खाली बसते. मातीच्या जागेवर झाडण्याआधी हाताने पाण्याचा शिडकावा करा, भिजवायचं नाही, नुसतं दबवायचं. वाऱ्याकडची खिडकी झाडताना बंद ठेवा.

अंगण, कोठा, नाली यांचं काम खराट्याचं. तो विकत घ्यायची गरज नाही. तूर सोंगून झाली की तुराट्यांचा ढीग तुमच्याच वावरात असतो. बारीक, सरळ तुराट्या निवडून घट्ट बांधा, महिन्या-दोन महिन्यांनी दोरी पुन्हा आवळा आणि बुड जमिनीवर आपटून काड्या सारख्या करा. तुमच्या शेजारच्याच अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा. दिवसा गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन, हा त्यांचा परिपाठ. त्यांच्या फोटोला हार घालणाऱ्या घरातला खराटा बघा, पावसात भिजून काळा पडलेला, उकिरड्यावर आडवा. असो.

सगळ्या झाडूंना एकच नियम, उभे टेकवायचे नाहीत. वजनाने टोकं वाकतात आणि वाकलेला झाडू कोपऱ्यात पोचत नाही. दांडीला सुतळीचं कडं बांधून खिळ्याला लटकवा. महिन्यातून एकदा फडा-खराटा उन्हात आपटून आतला केर, केस, दोरे काढा. जाळे-जळमटं काढायचा लांब झाडू वेगळा ठेवा आणि झाडण्याआधी तो फिरवा, नंतर नव्हे. वरचं खाली पडतं, हे आपण रोज विसरतो. दिवेलागणीनंतर झाडू नये असं सासूबाई म्हणत असतील तर वाद घालत बसू नका, त्याआधी झाडून घ्या. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणण्याची रीत तर साफ कामाची आहे. वर्षातून एकदा झाडू बदलायचा हे त्यामुळे कोणी विसरत नाही. फक्त जुनी पूजेनंतर पुन्हा माळ्यावर ठेवू नका. तिला अंगणाच्या कामाला लावा.

यानंतरही धूळ येईलच, कारण ती दारातून येते. तुमच्याकडची माती काळी, खोल, पावसाळ्यात चपलेला शेर-दीड शेर चिकटणारी, आणि उन्हाळ्यात तिचाच फुफाटा. घर झाडण्याआधी दार सांभाळा. दारासमोर दोन-तीन पावलं टाकता येतील एवढी खडबडीत जागा करा, मुरूम-गिट्टी अंथरा किंवा जुन्या कवेलूंचे तुकडे पसरून दाबा. तिथे मातीची गोळी बरीचशी झडते. बाजूला पाण्याचं छोटं टाकं नव्हे, झाकणाची बकेट आणि पाणी घ्यायला मगा ठेवा, वावरातून आल्यावर पाय तिथेच धुवायचे. साचलेल्या टाक्यात पाय बुडवले तर पहिला माणूस धुतो आणि पाचवा घाण घेऊन आत येतो. आत आल्यावर ज्यूटचं जाड पोतं. ते रोज झटका, आठवड्याला धुवा, दोन पोती आलटून-पालटून वापरा. ओलं, चिखलाने भरलेलं पायपुसणं नसलेलं बरं. वावराच्या चपला, इळे, डवऱ्याच्या पासा ओसरीच्या आत येऊ देऊ नका. हा नियम पुरुषमाणसांना लावणं अवघड जातं हे मला माहीत आहे. चपलांची जागा दाराच्या अलीकडे, बसायला दगड किंवा बाज ठेवून, सोयीची केली की निम्मं भांडण मिटतं.

मातीच्या ओसरीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सांगते. सारवण वाईट नाही. शेण-मातीने पृष्ठभाग बांधला जातो, धूळ दबते, उन्हाळ्यात पायाला गार. शेणाने सगळे जंतू मरतात हे मात्र खरं नाही. शेणात धनुर्वाताचे बीजाणू असू शकतात, कृमींची अंडीही. सारवल्यावर पूर्ण वाळेपर्यंत रांगतं मूल तिथे सोडू नका, हाताला चीर असेल तर सारवू नका, आणि झाल्यावर हात साबणाने धुवा. पातळ थर, वरचेवर. जाड थराला वाळताना भेगा पडतात आणि त्यात मुंग्या-झुरळं घर करतात. श्रावणाच्या झडीत सारवू नका, वाळत नाही आणि घरभर वास धरतो. उघाड पडली की सकाळी उरका.

न्हाणी आणि संडास. न्हाणीत रोजचं काम एकच, शेवटी आंघोळ करणाऱ्याने प्लॅस्टिकच्या ताठ झाडूने पाणी लोटून काढायचं. कोरडी न्हाणी आपोआप निम्मी स्वच्छ राहते. नळावर, बकेटीवर, टाइल्सवर पांढरे डाग पडतात ते क्षारांचे. निंबू कापून चोळा, किंवा निंबूसत्वाचं पाणी लावून पंधरा मिनिटांनी घासा. शहाबादी फरशीवर आणि सिमेंटवर मात्र आंबट काही टाकू नका. शहाबादी हा चुनखडीचा दगड, आम्लाने झिजतो, खरखरीत होतो आणि मग जास्त मळ धरतो. बाजारात खुल्या बाटलीत मिळणारं ‘ॲसिड’ तर घरात आणूच नका असं माझं मत आहे. आणि हे तर डोक्यात पक्कं ठेवा: ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर कधी एकत्र नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, बंद न्हाणीत तो छातीत भरतो. ‘दोन्ही टाकलं तर दुप्पट साफ होईल’ म्हणून टाकणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत, दार उघडून खोकत बाहेर येताना.

ब्लिचिंग पावडर उपयोगाची आहे, पण उघडी पुडी हवेने आणि ओलाव्याने महिनाभरात निकामी होते. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, अंधारात ठेवा, थोडी थोडीच आणा. नाक झोंबलं नाही तर ती चुन्यासारखी झाली समजा. वापरताना थोड्या पाण्यात कालवून, गाळ बसू देऊन, वरचं पाणी घ्यायचं.

तुमचा संडास दोन खड्ड्यांचा असेल तर त्याला जपून वागवा. २०१४ पासून स्वच्छ भारत मिशनमध्ये खेड्यांत बांधलेले बरेचसे संडास या पद्धतीचे आहेत. एका वेळी एकच खड्डा चालू ठेवायचा, भरला की वाट दुसऱ्याकडे वळवायची आणि पहिला दीड-दोन वर्षं बंद ठेवायचा, त्याचं खत होतं. हे काम खड्ड्यातले जंतूच करतात. रोज ॲसिड-फिनाइल ओतलं तर तेच मरतात आणि खड्डा कुजायचा थांबतो. भांडं उतरतं असतं, दीड-दोन लिटर पाण्यात साफ होतं, बकेटभर ओतायची गरज नाही. जास्त पाण्याने खड्डा लवकर भरतो, आणि काळ्या मातीत पाणी आधीच मुरत नाही. वापरण्याआधी भांडं ओलं करून घ्या, चिकटत नाही. घासायचा ब्रश झाल्यावर धुऊन, निथळवून लटकवा. डबकं धरलेल्या डब्यात तो बुडवून ठेवणं म्हणजे पोछ्याचाच प्रकार.

सांडपाण्याबद्दल सगळीकडे शोषखड्डा सांगतात. मुरमाड जमिनीत तो छान चालतो. तुमच्या काळ्या चिकण मातीत पावसाळ्यात माती फुगते आणि पाणी वर राहतं. त्यापेक्षा न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी परसात वळवा, केळी, कर्दळ, धोपा (अळू) लावा, ही झाडं पाणी पितात. वाटेत एक जुना माठ, बुडाला भोकं पाडून, आत नारळाचा काथ्या भरून ठेवा. शितं, तेलकटपणा, केस तिथे अडकतात. काथ्या पंधरा दिवसांनी बदलायचा. हे विसरलं तर आठ दिवसांत वास सांगतोच.

नळ दिवसाआड म्हणजे घरात ड्रम, टाकी, गुंड भरलेले असणार. स्वच्छतेत हा भाग लोक धरत नाहीत. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो, अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा. नुसतं पाणी ओतून पुन्हा भरलं तर उपयोग नाही, कारण अंडी भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात. आतून काथ्याने घासायचं, उन्हात पालथं घालायचं, मग भरायचं. सगळी भांडी एकाच दिवशी जमत नसतील तर आज ड्रम, परवा टाकी. नळाच्या आदल्या दिवशी पाणी तसंही संपत आलेलं असतं, तेव्हाच उरका. कूलरची टाकी तशीच. आणि जूनमध्ये पाऊस आला की कूलर कपडा टाकून कोपऱ्यात सरकवतात, आत दोन बोटं पाणी तसंच असतं. ते काढा, गवताच्या जाळ्या काढून वाळवा, पुढच्या साली नव्या लावा.

कापसाचा हंगाम म्हणजे वेगळीच गोष्ट. भाव येईल म्हणून कापूस घरात भरून ठेवतात, त्यावरच पोरं लोळतात आणि मग घरभर खाज. कापसात बारीक किडे आणि धूळ असते, अंगाला पुरळ येतं. जमेल तर कापसाची खोली वेगळी, दार लावलेली, ताडपत्री अंथरून आणि वरून झाकून. त्या खोलीत झोपू नका, चूल-बिडी जवळ नको. वेचून आल्यावर कपडे बाहेरच काढा, अंथरूणावर तसंच टेकू नका. या दिवसांत घरात कोरडा झाडू मारला की तंतू हवेत तरंगतात, तेव्हा ओलसर, घट्ट पिळलेला पोछाच आधी फिरवा. कापूस गेला की खोली रिकामी करून भिंतीच्या कडा, सापटी, खिडकीच्या फटी झाडा, चादरी-सतरंज्या दोन दिवस कडक उन्हात टाका. सोयाबीन, तूर काढल्यावर कुटाराचंही तेच. कुटार घराच्या भिंतीला लागून रचू नका, उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. पऱ्हाट्यांचा जळतणाचा ढीगही घरापासून दूर, थोडा उंचावर.

परसातलं गवत पावसाळ्यात वाढू देऊ नका. २०१८ च्या पावसाळ्यात विदर्भात स्क्रब टायफस या तापाचे रुग्ण सापडले होते. तो गवत-झुडपांतल्या माइट नावाच्या बारीक किड्याच्या चाव्याने होतो. झुडपांवर कपडे वाळत घालायची सवय इथे सर्रास आहे. ती सोडा, तार बांधा.

फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात कालवू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हापासून मी प्रत्येक गटात हे बोलते. ते कपडे वेगळ्या बकेटीत, हातमोजे घालून, विहीर-हातपंपापासून दूर धुवायचे, वेगळे वाळवायचे. औषधाचा रिकामा डबा कितीही मजबूत दिसला तरी फिनाइल, रॉकेल, धान्य, पाणी, कशालाच वापरायचा नाही. चिरडून टाकायचा, म्हणजे दुसरं कोणी उचलणार नाही. आणि ढेकूण-मुंग्यांसाठी वावरातलं औषध घरात मारायचं नाही, पलंगावर तर नाहीच. ढेकणांना उकळतं पाणी आणि मे महिन्याचं ऊन, बाज उभी-आडवी करून, पुन्हा आठ-दहा दिवसांनी एकदा, कारण पहिल्या खेपेला अंडी सुटतात.

दिनक्रम म्हणाल तर निंदणाच्या, वेचणीच्या दिवसांत मी कोणाला लांब यादी देत नाही, पाळली जात नाही. सकाळी निघण्याआधी फक्त तीन गोष्टी: खरकटी भांडी ओली करून एका जागी, चूल आणि ओटा पुसलेला, दारासमोरची जागा झाडलेली. संध्याकाळी परतल्यावर पाय धुऊन आत, आणि दिवेलागणीच्या आत एकदा झाडणं. एवढंच. दोनदा झाडायची गरज नाही. पुसणं नळ येईल त्या दिवशी, बिननळाच्या दिवशी कोरडी कामं, जाळे-जळमटं, साधनं उन्हात टाकणं, खराटा आवळणं. पोरांना आणि मालकांना एकेक साधन वाटून द्या. ‘घर साफ ठेव’ म्हटलं तर कोणी हलत नाही, ‘कोरड्या दिवसाचा ड्रम तुझा’ म्हटलं की निदान भांडायला एक माणूस सापडतो. मोठी साफसफाई वर्षातून दोनदा पुरते, दसरा-दिवाळीच्या आधी आणि मृगाच्या आधी. मृगाआधीची जास्त महत्त्वाची, कारण कवेलू फेरणं, नाली मोकळी करणं, अंथरुणं वाळवणं हे पाऊस लागल्यावर होत नाही.

राहिला व्हॅक्यूम क्लीनर. कापसाचे तंतू, गादीतली धूळ, सोफा, यांना तो चांगला. पण तुमच्या घराचा अर्धा भाग मातीचा, सारवणावर तो चालवला तर सारवणच ओढेल. बारीक काळ्या मातीने त्याची गाळणी थोड्या दिवसांत तुंबते. गाळणी झटकायला, धुवायला आणि कडक वाळवायला पुन्हा माणूस लागतोच, आणि ती न वाळवता लावली की मोटर जाते. भारनियमन असलं की सकाळच्या ज्या अर्ध्या तासात तुम्हाला तो हवा, नेमकी तेव्हाच लाइट नसते. त्या पैशांत आधी दारासमोरची जागा मुरूम टाकून पक्की करा, दोन चांगल्या बकेटी, झाकणाचा ड्रम, तार आणि खिळे घ्या. पुढे मागच्या खोल्यांना फरशी बसली आणि तरीही मालकांची हौस कायम राहिली, तर धुता येणारी गाळणी आणि तालुक्याच्या गावी दुरुस्ती होते तो ब्रँड, एवढं बघून घ्या. गाळणी धुण्याचं काम त्यांच्याकडेच द्या.